मोजपट्टीबाईंचा अहवाल

शिक्षण कार्यालयात त्यांना पाठीमागे सगळे ‘मोजपट्टी’ म्हणत आणि हे त्यांना ठाऊक होतं. हाताखालच्या एक्केचाळीस शाळांसाठी कुठलंही नवं यंत्र, कुठलंही अ‍ॅप घ्यायचं म्हटलं की ते आधी त्यांच्या टेबलावर यायचं. विक्रेत्यांच्या गोडगोड बोलण्याला त्या बधत नसत. “चहा घ्या, आणि आकडे ठेवून जा,” एवढंच म्हणायच्या.

वाचन शिकवणारं अ‍ॅप आलं तेव्हा मात्र खरेदी समितीची बैठक जेमतेम तीन-साडेतीन महिन्यांवर आली होती. चाचणी कुठे घ्यायची? परक्या शाळेत शिरायचं तर परवानगीच्या पत्रापत्रीतच महिना गेला असता. त्यांची थोरली बहीण दुसरीचा वर्ग शिकवायची. एका फोनवर काम झालं.

तीन महिन्यांत ताईच्या वर्गातल्या अडखळणाऱ्या अठ्ठावीस मुलांपैकी एकवीस सलग वाचू लागली. अहवाल गेला, समितीने माना डोलावल्या, आणि पुढच्या वर्षी सगळ्या शाळांत ते अ‍ॅप घातलेले टॅबलेट पोचले.

वर्षअखेरीचे निकाल बाईंनी शाळेगणिक लावून बघितले. बहुतेक शाळांत वाचन होतं तिथेच. नऊ शाळांत चक्क घसरलेलं. वर गेला होता तो पुन्हा एकच वर्ग, ताईचा.

दुसऱ्याच दिवशी त्या घसरलेल्यांपैकी एका शाळेत जाऊन मागच्या बाकावर बसल्या. शेजारची मुलगी पडद्यावरची तिन्ही उत्तरं एकामागून एक दाबत होती.

“काय लिहिलंय गं? वाचून दाखव की.”

“वाचायचं नसतं, बाई. हिरवं येईपर्यंत दाबायचं असतं.”

वर्गशिक्षक टेबलाशी बसून कार्यालयाला पाठवायचे तक्ते भरत होते. बाईंनी विचारलं तर म्हणाले, “कार्यालयाचंच परिपत्रक आहे ना? अर्धा तास मुलांना आपापलं करू द्या, मध्ये पडू नका.” ते परिपत्रक बाईंनीच लिहिलं होतं.

संध्याकाळी त्या तडक बहिणीकडे गेल्या. ताई वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती.

“ताई, खरं सांग. चाचणीच्या वेळी तू वर्गात काय करायचीस?”

“काय म्हणजे? एकेकाला जवळ घेऊन बसायचे. तो पडद्यावरचं वाचणार, चुकला की मी अक्षरावर बोट ठेवणार. मधली सुट्टीसुद्धा त्यातच जायची.”

“आणि हे मला सांगितलं नाहीस?”

“तू विचारलंस कुठे? आकडे मागितलेस, आकडे दिले. शेजारी बसून शिकवते हे काय सांगायचं असतं? तेच तर आपलं काम.”

बाई म्हणाल्या, “मला हे समितीला लिहून द्यावं लागेल.”

“म्हणजे माझा वर्ग खोटा ठरणार.”

“तुझा वर्ग खराच होता गं. माझा अहवाल खोटा होता.”

“लोक एवढं बारीक वाचत नाहीत,” ताई म्हणाली आणि आत निघून गेली.

समितीच्या बैठकीत अध्यक्ष वैतागले. “तेव्हा तुम्हीच छातीठोकपणे सांगत होतात ना?”

“हो. एकच वर्ग घेतला, तोही माझ्या बहिणीचा. ती तिथे काय करते ते बघायलाही गेले नाही.”

बहिणीचं कुणालाच माहीत नव्हतं. कुजबुज सुरू झाली.

अ‍ॅप राहिलं. परिपत्रक तेवढं बदललं: शिक्षकांनी मुलांशेजारी बसावं. पण त्यासाठी वेळ कुठून काढायचा, हे त्यात नव्हतं. पाच शाळांनी तक्ते भरणं बाजूला ठेवून वेळापत्रक बदललं. तिथे वाचन हळूहळू सुधारतंय. बाकीच्या शाळांत मुलं अजून हिरवं शोधतात. नव्या वस्तूंच्या निवडीचं काम बाईंकडून काढून घेतलं.

ताई म्हणाली होती तसंच झालं. घरातल्या घरात चाचणी उरकली, असं शिक्षकांच्या खोलीत तिच्या तोंडावर बोललं गेलं. तिने दुसरीचा वर्ग सोडला आणि शाळेच्या ग्रंथालयाचं काम मागून घेतलं. बाई तिला भेटायला दोनदा गेल्या. दोन्ही वेळा भाचीनेच दार उघडलं, आई झोपली आहे म्हणाली. आता आपल्या म्हाताऱ्या आईच्या औषधांपुरता दोघी बहिणींचा फोन होतो.