हयातीपुरती वाट

निकाल लागला तेव्हा आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, जाऊन पंधरवडा झाला होता. वकिलांचा फोन आला तेव्हा मी वाकडला ऑफिसच्या कँटीनमध्ये होते. मी म्हटलं, "ज्यांचं अपील होतं तेच गेले, आता कसला निकाल?" वकील समजावणीच्या सुरात म्हणाले, "ताई, युक्तिवाद संपला होता, निकाल राखून ठेवला होता, त्यानंतर ते गेले. अशा वेळी निकाल ते हयात असतानाच लागला असं कायदा धरतो." पुढ्यातली इडली तशीच राहिली. कायद्याच्या लेखी माझे वडील त्या दिवशी जिवंत होते.

भांडण होतं एका पायवाटेचं. चाकणजवळच्या आमच्या गावात आमच्या रानाला लागून दुसऱ्याचं रान होतं आणि त्याच्या टोकाला जुनी विहीर. काठावर शेंदूर फासलेले सात दगड, म्हणजे साती आसरा, पाण्यातल्या सात बाया. लहानपणी मी त्या विहिरीत पडले होते. मला बाहेर कुणी काढलं यावर गावात आजही एकमत नाही. आप्पा सांगायचे, ते धावत पोचले तेव्हा मी काठावर बसलेली होते, केस ओले आणि डोळे मिटलेले. जवळपास कुणी नव्हतं. आईनं तिथंच नवस बोलला, दर अमावास्येला दहीभात घेऊन येईन, पोरीला परत मागू नका. तिच्या मते एक अमावास्या चुकली की त्या बाया मला न्यायला येणार. मी हसायचे. आई मात्र या विषयावर कधी हसली नाही.

पुढं शेजारचं रान विकलं गेलं. तिथं एका कंपनीचं गोदाम आलं, भिंत आली, गेट आलं, आणि विहीर आत राहिली. आप्पा कोर्टात गेले.

उलटतपासणीत कंपनीच्या वकिलानं अगदी गोड आवाजात विचारलं, "जुन्या मालकाला विचारून जात होतात का हो?" आप्पा ताठ उभे राहिले. "व्हय साहेब, इचारूनच जायचो. कुणाच्या रानातनं न इचारता कसं जायाचं?" आमच्या वकिलांनी कपाळाला हात लावला. आमच्याकडं रीतच ती. बांधावर थांबून "जाऊ का हो?" अशी हाक द्यायची, पलीकडून हात हलला की निघायचं. मालक नसला तर रिकाम्या रानाला विचारायचं, क्षणभर थांबायचं आणि मग जायचं. पण परवानगीनं वापरलेल्या वाटेवर हक्क सांगता येत नाही. न विचारता, दांडगाईनं वापरली असती तर ती आमची झाली असती. थोडक्यात, आमच्या पूर्वजांनी जरा उर्मटपणा करायला हवा होता.

खालच्या कोर्टानं तरीही वाट दिली. जिल्हा कोर्टानं आप्पांच्या त्या एका वाक्यावर बोट ठेवून ती काढून घेतली. मग हायकोर्टात दुसरं अपील, आणि त्याचा निकाल लागेपर्यंत गेट अडवायचं नाही असा हुकूम. वाट मोडू नये म्हणून आप्पा रोज जायचे. खिशात हायकोर्टाचा हुकूम, आणि तरी गेटपाशी उभं राहून विचारायचे, "जाऊ का हो?" वॉचमन मराठवाड्याकडचा, तोही रोज तेच म्हणायचा, "जा की काका, विचारायलात कशाला?"

यावरून मी आप्पांशी कडाकडा भांडले आहे. "या विचारण्यानंच केस घालवलीत तुम्ही," मी म्हणाले होते. ते चिडले नाहीत. "रान कुनाचं का असंना, इचारावं," म्हणाले. "ऐकनारं कुनीतरी असतंच."

निकाल मी मोबाइलवर वाचला. वाट हक्काची नाही, अपील फेटाळलं. पण युक्तिवादाच्या शेवटी कंपनीच्या वकिलानं एक हमी दिली होती, ती कोर्टानं नोंदवून घेतली होती. अपीलकर्ता हयात आहे तोवर त्याला, आणि त्याच्यासोबत येणाऱ्या घरच्यांना, विहिरीपर्यंत जाऊ देऊ. म्हणजे कायद्यानं आप्पांना जिवंत धरलं, वाट दिली, आणि वाट देतानाच ती त्यांच्या श्वासाला बांधली. मला संताप आला. कुणाचा, ते मात्र कळेना.

आईला सगळं समजावून सांगितलं. तिनं मोजकंच ऐकून घेतलं. "त्येंच्यासंगं आलेल्या मानसाला सोडायचं, असंच लिवलंय न्हवं? मग झालं की. अमुशाला जाऊ."

अमावास्येला भर दुपारी निघालो. रस्त्यावर कंटेनरची रांग उभी होती, पण एकाही गाडीत माणूस दिसत नव्हता. पहिली शिफ्ट सुटायला अवकाश होता. आई पदराखाली दहीभात घेऊन पुढं चालली होती. मी जवळ गेले तशी ती मागं न बघता म्हणाली, "मागं चाल. मधी जागा ऱ्हाऊ दे." मी वैतागले, पण मागं सरले. वाट अरुंद होती. दोघींच्या मधल्या जागेत गवत आईच्या मागून आणखी कुणी पाय ठेवल्यासारखं आडवं झालेलं होतं.

इतक्या दिवसांत आप्पा दिसले नाहीत, तर वॉचमन विचारणार, हे मी धरून चालले होते. गेटपाशी आई गप्प उभी राहिली. मीही ओठ घट्ट मिटले. "जाऊ का हो?" हा प्रश्न आपल्या तोंडून निघू द्यायचा नाही, एवढं मी ठरवलं होतं. वॉचमन खुर्चीवरून उठला. त्यानं आईकडं पाहिलं नाही, माझ्याकडंही नाही. आमच्या मधे पाहिलं, गेट उघडलं आणि म्हणाला, "जा की काका, विचारायलात कशाला?"

आमच्यापैकी कुणीच काही विचारलं नव्हतं.

विहिरीपाशी आईनं दहीभात ठेवला, दगडांना हळद वाहिली. "पोरगी आनलीय, बघून घ्या," ती म्हणाली. "पर माघारी न्हेनार हाय." तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली, खरीखुरी. विहिरीत डोकावायचं माझं धाडस झालं नाही. आईचा हात धरावासा वाटला, पण मधे जागा सोडायची होती.

परतताना आई गेटबाहेर पडली. मी दारात थांबले आणि नकळत अंग चोरून बाजूला झाले, मोठ्या माणसाला आधी वाट द्यावी तशी. वॉचमननं गेट थोडा वेळ उघडंच धरलं, माझ्यामागून ते सावकाश लावून घेतलं. त्याला काय माहीत होतं आणि काय दिसलं, हे मी त्याला विचारलं नाही.

संध्याकाळी वकिलांचा फोन आला. मृत्यूचा दाखला कंपनीला पाठवावा लागेल, म्हणाले, मग गेट बंद होईल, कधी पाठवू ते सांगा.

"आप्पांना विचारून सांगते," मी म्हटलं.