गुरुवारचं रक्त

लॅबमध्ये आयुष्य काढलेल्या माणसाकडे किश्श्यांना तोटा नसतो, पण हळदीकुंकवाला सांगावेत असे त्यात फार थोडे! मग ते पोटातच साचत जातात. आज सगळी घरचीच माणसं बसली आहेत, तर सांगते.

एकाहत्तरचं साल. जबलपुरात एका फॅक्टरीच्या दवाखान्यात मी लॅब टेक्निशियन होते. लढाई डोक्यावर, भरती धडाक्यात चालू! येणाऱ्या प्रत्येक गड्याची सिफिलिससाठी, म्हणजे आपल्याकडे ज्याला गरमी म्हणतात त्या रोगासाठी, व्हीडीआरएल करायची. तपासणी तशी स्वस्त. काचेवर सीरम घ्यायचं, औषधाचा थेंब टाकायचा, चार मिनिटं हलवायचं आणि गुठळ्या दिसतात का ते बघायचं; दिसल्या की रोग आहे असं धरायचं. पण एकदा कालवलेलं औषध संध्याकाळी फेकावं लागे. म्हणून आमच्या डॉक्टरसाहेबांनी गुरुवार ठरवून दिला होता. "पंचवीस माणसं जमल्याशिवाय बाटली उघडायची नाही!"

*

बरगीकडचा एक गडी हमालीच्या भरतीला आला. काचेवर गुठळ्या! साहेबांनी दरडावलं, "कहाँ-कहाँ गये थे, सच बोलो!"

तो रडकुंडीला आला. "साहब, बस बड़े फुहारे तक गया था!"

बड़ा फुहारा म्हणजे जबलपूरच्या भर बाजारातला चौक! आम्ही पोट धरून हसलो. त्याला घरी पाठवलं. पंधरा दिवसांनी त्याचा काका त्याला टांग्यात घालून घेऊन आला, अंगात फणफणून ताप. रक्तात मलेरिया निघाला. मलेरियातही ही स्वस्त तपासणी कधी कधी खोटं बोलते. पक्की चाचणी बाहेरगावी होई, महाग, आणि उत्तर यायला दीड महिना. हमालासाठी कोण थांबतो?

तोवर गावात बोभाटा झाला होता. काका म्हणाला, "ताप तो उतर जाएगा दीदी, सगाई टूट गई उसका क्या?" आपण हसलो होतो, याची मला आजही लाज वाटते.

*

त्याच महिन्यात एका टर्नरच्या काचेवर गुठळ्या निघाल्या. राइट टाउनमध्ये राहणारा आपला मराठी माणूस. त्याने मान खाली घालून सगळं कबूल केलं. साहेबांनी मात्र त्याला ठेवून घेतलं! "लेथवर हात बसलेला माणूस या दिवसांत कुठून आणू?" आणि पेनिसिलिन सुरू केलं.

मी म्हटलं, "भाऊ, बायकोचंही रक्त तपासायला पाहिजे."

त्याने हात जोडले. "तिला काही सांगू नका दीदी, संसार मोडून जाईल माझा."

"मग न सांगता रक्त कसं घेऊ?"

"तेच तर म्हणून राहिलो! घेऊच नका!"

*

चार महिन्यांत स्वारी पुन्हा हजर, नवी जखम घेऊन. आल्या आल्या भांडायला उभा. "तुमचं पेनिसिलिनच भेसळीचं आहे!"

पेनिसिलिन चोख होतं. याने घरी नेऊन दिलेला रोग घरूनच याला परत मिळाला होता. साहेबांनी त्याला पुन्हा इंजेक्शनं दिली. घरी कोणी विचारायला गेलं नाही.

*

मग एक दिवस त्याची बायको कुसुम स्वतःच आली. पाचवा महिना होता. "दीदी, मागच्या साली पहिलं मेलेलं झालं. मोठ्या दवाखान्यात रक्त तपासतात म्हणे. माझं काहून नाही तपासून राहिले?"

मी साहेबांकडे धावले. बायकांसाठी त्यांचा नियम ठरलेला होता: दोन मुलं मेलेली जन्मली, तरच व्हीडीआरएल.

"साहेब, हिच्या नवऱ्याचं आपल्याला माहीत आहे. गुरुवारी औषध उरतं, ते आपण मोरीत ओततो!"

"नवरा नको म्हणतो. आणि आज हिची केली, तर उद्या सगळ्या कॉलनीच्या बायका रांग लावतील."

"लावू द्या की! का तपासणीची फी दोन मुलं आहे?"

साहेबांनी कागद पुढे ओढले. "लढाई तोंडावर आहे, बाई."

मी बाहेर आले आणि कुसुमला सांगितलं, "नियम दोनचा आहे गं." नवऱ्याचं नाव ओठांवर आलं होतं, गिळलं. दोन थेंब रक्त चोरून घेता आलं असतं. नाही घेतलं. नोकरीला भ्याले, दुसरं काही नाही.

*

लढाई जिंकलो. दवाखान्यात पेढे वाटले. त्यानंतरच्याच एका गुरुवारी कुसुम सासूबरोबर आली. भरतीची रांग लागली होती, साहेब टेबलाशी उभे होते. ती रांगेत गड्यांच्या मागे उभी राहिली. सगळे बघत होते, पण तिने कोणाकडे पाहिलं नाही. नंबर आल्यावर पदर सारखा केला, बाही वर सरकवली आणि हात टेबलावर ठेवला.

"साहेब, दुसरंही गेलं. आता बसते ना मी नियमात?"