स्कालूची घंटा

भर जानेवारीत पाऊस पडला की मला शिसारी येते. आमच्या इनारीकडे, पार उत्तर ध्रुवाकडच्या मुलखात, या दिवसांत हाडं फोडणारी थंडी हवी. पडतो तो रिपरिप पाऊस, आणि मग सगळं गोठून काच. रेनडिअर हिवाळाभर ज्यावर जगतात ते पांढरं दगडफूल त्या काचेखाली दिसतं, पण खुराला लागत नाही. दक्षिणेकडचे पाहुणे म्हणतात, यंदा हवा छान मऊ आहे. मऊ म्हणे.

माझा धाकटा दीर हेइका याचं आयुष्य कळपामागे गेलं. लग्न नाही, बोलतो थोडं, तेही बहुतेक कुत्र्याशी. जीव सगळा स्कालू नावाच्या म्हाताऱ्या मादीत. गळ्यात घंटा घालून ती पुढे निघाली की कळप मागोमाग यायचा. अशाच एका हिवाळ्यात बर्फ उकरून थकली आणि खाली बसली ती उठेना.

हेइकानं पाहुण्यांना फिरवणाऱ्या घोड्यांसाठी आणलेलं सुकं गवत मागून आणलं. उपाशी रेनडिअरला ते पचत नाही, हे गावाला त्यानंच दरडावून सांगितलेलं.

"काय करतोयस हे?" मी विचारलं.

"गप्प बसा, वहिनी. ती माझ्याकडे बघतेय."

"बघू दे. तूच सांगायचास ना सगळ्यांना?"

"ते दुसऱ्यांच्या जनावरांचं."

स्कालूनं अधाशासारखं खाल्लं. पोट ढोलासारखं फुगलं आणि ती मेली. हेइकानं पोट फाडलं, तर गवत गेलं तसंच आत, आंबलेलं. मी नाक दाबलं.

"दाबू नका," तो म्हणाला. "घ्या वास. माझ्या मायेचा आहे."

कळप उपाशीच होता. आसपासचं जुनं जंगल लाकूडवाल्यांनी केव्हाच कापून नेलेलं. नव्यानं लावलेली झाडं ब्रशच्या काड्यांसारखी, त्यांना लोंबतं दगडफूल कुठून येणार? घरामागे मात्र स्प्रूसची दोन म्हातारी झाडं होती, त्याच दगडफुलाच्या काळ्या जटांनी भरलेली. हेइकानं कुऱ्हाड उचलली.

"मामंजींनी त्यांना हात लावू दिला नव्हता," मी म्हटलं.

"बाबांच्या जानेवारीत पाऊस नव्हता."

झाड पडलं. कुऱ्हाडीचा आवाज ओळखून कळप धावत आला आणि जटांवर तुटून पडला. हेइकानं स्कालूची घंटा पुसली, एका तरण्या मादीच्या गळ्यात बांधली.

"ही नेईल कळपाला उन्हाळ्यात डोंगराकडे?" मी विचारलं.

"आधी वसंतापर्यंत पोचू दे."

घंटा वाजत राहिली, खाणाऱ्या तोंडाबरोबर. कुऱ्हाड त्यानं आत नेली नाही. दुसऱ्या झाडाला टेकवून ठेवली.