टेबल काढा, ताई

लताबाईंचा फोन आला तेव्हा मी केंद्रावर नव्या रुग्णांची नावं रजिस्टरमध्ये लिहीत होते. "ताई, हे गेले," एवढंच त्या म्हणाल्या. आणि माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो असा, "प्यायले होते का?" त्या म्हणाल्या, "नाय. ड्युटीवर चालले होते." अकरा वर्षं ज्या माणसानं दारूला हात लावला नव्हता, त्याच्या मरणाची बातमी ऐकून त्याच्या समुपदेशकाला सुचलेला हा प्रश्न. पाच आठवडे झाले. दुसरं काही लिहायला घेतलं तरी मन तिथंच अडतं.

जगन तांडेल आमच्या बोईसरच्या व्यसनमुक्ती केंद्रात रुग्ण म्हणून आले आणि बरे होऊनही येतच राहिले. तारापूरजवळच्या समुद्रकाठच्या वस्तीतले. आधी भावाबरोबर बोटीवर जायचे, दारूपायी बोट सुटली, मग औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात हेल्पर झाले. त्या सकाळी पहिल्या पाळीची बस पकडायला ते नाक्यावर उभे होते. छातीत कळ आली असावी. दुकानाच्या पायरीशी बसले आणि तिथंच आडवे झाले. बस आली, माणसं चढली, बस गेली. नाक्यावर केळी विकणाऱ्या बाईनं मला नंतर सांगितलं, "बराच वेळ पडलेले होते. आमाला वाटलं, असंल पिऊन पडलेला. इथं रोज कोन ना कोन पडलेला असतोच." मी तिला काय बोलणार होते? मी तर त्यांना नऊ वर्षं ओळखत होते आणि मलाही तेच वाटलं होतं.

मी केंद्रात नवी लागले तेव्हा त्यांना दारू सोडून दोन वर्षं झाली होती. दर गुरुवारी ते गटात येऊन मागच्या रांगेत बसत. माझ्याकडे पदवी होती, फळा होता, यकृताचं रंगीत चित्र होतं. मी टेबलामागून तासभर बोलायची आणि शेवटी विचारायची, "कळलं का?" वीस माणसं एका सुरात म्हणायची, "हो मॅडम." त्यातली निम्मी महिन्याभरात पुन्हा प्यायला लागलेली असत. एका गुरुवारी सगळे गेल्यावर जगनदादा मागे थांबले. चप्पल पायात घालता घालता म्हणाले, "ताई, एक बोलू? राग मानू नका. ही मानसं तुमाला उत्तरं देतात. एकमेकांला काय सांगत नाय." मी विचारलं, मग काय करायचं? "टेबल काढा. गोल बसवा. कोनी प्रश्न विचारला तर तुमी उत्तर देऊ नका. माझ्याकडं पन बघू नका, नायतर मी मास्तर होईन. खाली बघा. कोनाला तरी राहवणार नाय, तो बोलंल."

पहिले तीन गुरुवार सगळ्यांनाच राहवलं, कोणी बोललं नाही. मी सतरंजीची वीण बघत बसायची, आणि पंख्याचा तेवढा आवाज. कासाकडच्या डोंगरातला लहानू नावाचा एक माणूस होता, त्याला बायकोनं आणून सोडलेलं. तो तर नावसुद्धा सांगत नव्हता. चौथ्या गुरुवारी जगनदादा स्वतःविषयी बोलले. बापाच्या दहाव्याच्या दिवशी ते पिऊन वाळूत पडले होते, आणि सगळे विधी धाकट्या भावानं केले. सांगताना त्यांचा आवाज कापला नाही की त्यांनी त्यातून कुठला धडा काढला नाही. मासळी बाजारात काय झालं ते सांगावं तसं सांगितलं. लहानूनं विचारलं, "तो भाऊ आता बोलतो का तुमच्याशी?" माझ्या ओठांवर उत्तर तयार होतं, सगळं हळूहळू ठीक होतं वगैरे. मी खाली बघितलं. जगनदादा म्हणाले, "नाय बोलत." लहानू म्हणाला, "माझा पोरगा पन नाय बोलत." आमच्या गटात एका रुग्णानं दुसऱ्याला सांगितलेली ती पहिली गोष्ट. त्यानंतर तो गट चालू लागला. कारखान्यातले कामगार हिंदीत बोलायचे, किनाऱ्यावरचे आपल्या बोलीत, आणि भाषेमुळे कोणाचं अडायचं नाही. एखादा पुन्हा घसरला तर बाकीचे त्याच्या खोलीवर जाऊन त्याला घेऊन यायचे. ते काम मला कधीच जमलं नसतं.

मग संस्थेला नवा प्रकल्प मिळाला. नव्या समन्वयक बाई आल्या, हुशार होत्या, वाईट अजिबात नव्हत्या. प्रकल्पाच्या नियमाप्रमाणे गटात मार्गदर्शन करणाऱ्याकडे प्रमाणपत्र हवं होतं आणि त्या अभ्यासक्रमाला बारावीची अट होती. जगनदादा सातवी शिकलेले. बैठकीत बाईंनी मला विचारलं, "तुम्ही त्यांच्याबरोबर इतकी वर्षं काम केलंत, तुमचं मत काय?" गप्प बसले असते तरी एक वेळ चाललं असतं. मी म्हणाले, "नियम सगळ्यांना सारखा हवा. आणि खरं सांगायचं तर शिकलेल्या माणसाचं लोक जास्त ऐकतील." माझी नोकरी कंत्राटी होती, नूतनीकरण जवळ आलं होतं... हे कारण आहे, सबब नाही, असं मी स्वतःला बरेच दिवस सांगत होते.

निर्णय त्यांना मीच सांगितला. ते बाहेर बाकावर बसले होते. "बरं," म्हणाले. मग, "गुरवारी मी इथं बाहेर बसू का? कोनाला भेटायचं असंल तर?" मी म्हणाले, "आता तसं नको, दादा." त्यांनी मान हलवली, घरच्यांची चौकशी केली आणि रिक्षा पकडायला गेले. त्यानंतर ते केंद्रावर आले नाहीत. मीही त्यांच्या घरी गेले नाही.

पुढच्या वर्षी पालघरला समुपदेशकांचं प्रशिक्षण होतं. रुग्णांना गटात एकमेकांशी बोलतं कसं करावं, या विषयावर बोलायला मला बोलावलं. टेबल काढा, उत्तर देऊ नका, खाली बघा, हे सगळं मी सांगितलं. लोकांनी भराभर लिहून घेतलं. पहिल्या रांगेतल्या एका मुलीनं विचारलं, "मॅडम, हे तुम्ही कुठून शिकलात?" मी म्हणाले, "अनुभवातून." टाळ्या पडल्या.

अंत्यसंस्काराला मी गेले. धाकटा भाऊ खांदा द्यायला आला होता, तो शेजाऱ्याला म्हणत होता, "परत प्यायला लागला असंल, काय सांगावं." लताबाई ऐकत होत्या. दहाव्यानंतर मी पुन्हा त्यांच्याकडे गेले, तेव्हा निघताना त्या म्हणाल्या, "रविवारी या. मानसं येतात." कोणती माणसं, ते त्यांनी सांगितलं नाही.

रविवारी दुपारी गेले तर ओटीवर सात-आठ जण गोल बसलेले. जाळी एका बाजूला सारून जागा केलेली. बोटीवरचे दोघं, एक रिक्षावाला, कारखान्यातला एक भैया, आणि दोन गाड्या बदलून कासाहून आलेला लहानू. केंद्र सुटल्यापासून, म्हणजे दोन वर्षं, दर रविवारी जगनदादांनी हा गट आपल्या ओटीवर चालवला होता. मला त्याचा पत्ता नव्हता. मी कडेला खुर्चीकडे वळले, तर लहानूनं सतरंजीवर जागा करून दिली. सगळे जण आपापलं बोलले. माझी पाळी आली तेव्हा लहानूनं विचारलं, "ताई, तुमी कशाला आल्या?"

मी त्या बैठकीतलं सांगितलं. शिकलेल्या माणसाचं लोक जास्त ऐकतील, हे वाक्य जसंच्या तसं सांगितलं. पालघरच्या टाळ्याही सांगितल्या. बोलून झाल्यावर वर बघायचं धाडस झालं नाही.

"दादाला ठाव होता," लहानू म्हणाला. "दार उघडा होता. मी पन बाकावर होतो, सगळा ऐकू येत होता."

मी विचारलं, "माझ्याविषयी कधी काही बोलले?"

"नाय."

आत लताबाई चहा गाळत होत्या, भांड्यांचा आवाज येत होता. लहानूनं रिक्षावाल्याकडे बघितलं. रिक्षावाला जरा पुढे सरकून बसला आणि या आठवड्यात गुत्त्यापाशी त्याची रिक्षा दोनदा कशी थांबली, ते सांगू लागला.