गोळीवरचं तुळशीचं पान

माझं अक्षर वाईट आहे आणि शुद्धलेखन चुकतं, वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावं. चौथीनंतर पेन फारसं हातात आलं नाही.

शेजारची सून पोटुशी असताना तिचा ट्रक चालवणारा नवरा एड्सने गेला. म्हणून डॉक्टरीणबाईंनी तिचंही रक्त तपासलं. तिलाही लागण होती. बाळाला ती होऊ नये म्हणून शेवटच्या महिन्यात सकाळ-संध्याकाळ गोळी घ्यायची, चुकवायची नाही, आणि बाळाला अंगावर पाजायचं नाही, असं बाईंनी बजावलं. गोळ्या पुण्याहून आणायच्या, फार महाग. मी माझी शेळी विकली. ती म्हणाली, "अक्का, फेडीन मी." लेक तापाने गेला एवढंच सासूला ठाऊक होतं, म्हणून तिला आम्ही शक्तीच्या गोळ्या म्हणून सांगितलं. खरं कळलं असतं तर तिला घराबाहेर काढलं असतं.

त्यात ग्रहण आलं. सासूने पहाटेच तिला आतल्या खोलीत बसवलं. पोटुशीने ग्रहणात पाणीसुद्धा प्यायचं नाही, नाहीतर मूल व्यंगाचं होतं म्हणतात. मी गोळी घेऊन गेले तर सासू उंबऱ्यातच बसलेली.

"मामी, तिची गोळी ऱ्हायली."

"ऱ्हाऊ दे. माझ्या लेकाची येवढीच निशानी उरली हाय."

मला कुणाशी वाद घालता येत नाही. परत फिरणार होते, पण आतून तिचं रडणं ऐकू आलं. तेवढ्यात पाण्याच्या हंड्यावर आणि दुधाच्या पातेल्यावर ठेवलेली तुळशीची पानं दिसली.

"मामी, पान ठिवलं की दुधाला गिरान लागत न्हाई ना? मग गोळीला कसं लागंल?"

ती "तुला तोंड हाय व्हय गं?" म्हणाली. मग हंड्यावरचंच एक पान उचलून गोळीवर ठेवलं आणि सुनेला घोटभर पाणी दिलं.

मुलगी झाली. वरच्या दुधावर वाढली. चालायला लागल्यावर तिचं रक्त तपासलं, त्यात काही निघालं नाही. त्या दिवशी आई पोरीला पोटाशी धरून खूप रडली.

स्वतः ती मात्र वाळत गेली. कांदे काढायला जायची, बाजाराच्या दिवशी थोडे थोडे पैसे आणून द्यायची. मी नको म्हटलं तरी ऐकायची नाही. पुढे अंथरुणालाच खिळली.

तिचा दहावा झाल्यावर सासू पोरीला कडेवर घेऊन आली.

"कसल्या गोळ्या हुत्या ते सांगितलं तिनं जाताना. तवा कळलं असतं तर हाकललंच असतं मी."

मी मान खाली घातली. सुनेची जोडवी मोडून आणलेले पैसे तिने माझ्या हातात ठेवले. शेळीचे सगळे पैसे फिटले.