बाबांच्या उंचीचा सोफा

बाबांच्या खुब्याचा सांधा बदलला, तेव्हा घरी सोडताना डॉक्टरांनी आईला आणि मला समोर बसवून एकच गोष्ट पुन्हापुन्हा सांगितली. बसताना कंबर गुडघ्यांच्या खाली जाता कामा नये. गेली आणि सांधा निखळला, तर सगळं पहिल्यापासून करावं लागेल. बाबा पलंगावर पडून ऐकत होते. नेपानगरच्या कागद कारखान्यात सगळी नोकरी मशिनींच्या आवाजात गेल्यामुळे त्यांना जरा कमी ऐकू येतं, पण हे त्यांनी बरोबर ऐकलं.

"म्हणजे आता खुर्चीला विचारून बसायचं," ते म्हणाले.

निवृत्तीनंतर आईबाबा बुऱ्हाणपूरला, सिंधीपुऱ्यात माझ्याकडेच राहायला आले होते. माझ्या घरी बसायला होता तो एक बुटका दिवाण. पलंगावरून उठून बाबांनी दिवसभर बसायचं कुठे, हा प्रश्न होता. थोडं चालता यायला लागल्यावर आम्ही त्यांना रिक्षात घालून शनवाऱ्याजवळच्या एका फर्निचरच्या दुकानात नेलं.

दुकानदार माझ्याच वयाचा, बोलायला गोड. थंड पाणी आलं. "आइए अंकल, आरामसे," म्हणत त्याने स्वतः बाबांचा वॉकर पायरीवरून उचलून आत घेतला. मला बरं वाटलं. बाबा एकेका सोफ्यावर बसून बघू लागले. मी मागे हात धरून उभी. बहुतेक सोफे मऊ होते, माणसाला गिळून टाकणारे; बाबा टेकायच्या आतच मी त्यांना वर ओढत होते. खिडकीजवळ एक तपकिरी, सरळ पाठीचा सोफा होता. त्याच्यावर ते बसले, हातांवर जोर दिला आणि माझ्या मदतीशिवाय उठले. पुन्हा बसले, पुन्हा उठले. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच त्यांचा चेहरा मोकळा झालेला मी पाहिला.

"हाच," ते म्हणाले.

मी कापड चिमटीत धरून पाहिलं, शिवणीवरून बोट फिरवलं. आत लाकूड कोणतं, म्हणून विचारलं.

"सागवान, मॅडम. अंदरसे एकदम सॉलिड," दुकानदार म्हणाला. "फक्त शोरूमचा पीस आम्ही देत नाही. गोडाऊनमधून येईल. सेम कलर, सेम हाइट. काहीच फरक नाही."

सोफा आला. रंग तोच, उंची तीच. मी टेप लावून पाहिली. बाबा खिडकीशी बसून रस्ता बघू लागले. पण दिवस जाऊ लागले तसं त्यांना उठायला जड जाऊ लागलं. आधी एका झटक्यात उठत, मग दोनदा प्रयत्न करून, मग मला हाक मारून. त्यांनी दोष पायाला दिला. "ताकद येत नाही गं," म्हणत ते निमूटपणे व्यायाम वाढवत गेले. आम्हीही तसंच समजलो. सोफ्याकडे कोणी बघितलंच नाही.

त्या दुपारी मी स्वयंपाकघरात होते. बाहेर काहीतरी कडाडलं आणि आईची हाक आली. माझं नाव नाही, नुसतीच हाक. मी धावले. सोफ्याची बैठक मधोमध खचली होती आणि बाबा त्यात दुमडून अडकले होते. गुडघे छातीजवळ, कंबर पार खाली. चेहरा पांढरा पडलेला. आई त्यांचा दंड धरून ओढायला निघाली होती.

"ओढू नको," मी म्हणाले. "बाबा, पाय वळवू नका. हलू नका."

"हलत नाही," ते म्हणाले. "पण हात सुटतोय माझा."

शेजारच्या घरातले दोघं भाऊ आले. एकाने काखेत हात घातले, दुसऱ्याने मांड्यांखालून आधार दिला, मी ऑपरेशनचा पाय सरळ धरून ठेवला. वर घेताना बाबा एकदा विव्हळले आणि मला वाटलं, गेला सांधा. दवाखान्यात एक्स-रे काढेपर्यंत आई बाकावर पदराचं टोक मुठीत आवळून बसली होती. डॉक्टरांनी फोटो उजेडासमोर धरला आणि ते बराच वेळ बघत राहिले.

"जागेवर आहे," शेवटी ते म्हणाले. "नशीब समजा."

घरी आल्यावर आईने सोफ्याखाली काय आहे ते बघायला त्याचा पुढचा एक कोपरा उचलला. कोपरा तिच्या हातात वर आला, पण दुसऱ्या टोकाचा पाय जमिनीवरच राहिला. अख्ख्या सोफ्याला ओल्या टॉवेलसारखा पीळ पडला. खालचं काळं कापड फाटलं होतं. आत सागवान नव्हतं. फळांच्या खोक्याला असतात तसल्या पातळ फळ्या, त्याही जोडून जोडून लांब केलेल्या. त्यातली एक मोडली होती.

मी मोबाइलवर फोटो काढून दुकानात गेले. आता पाणी आलं नाही. दुकानदाराने फोटो लांबूनच बघितला.

"इसमें क्या समझेगा, मॅडम? घरात लहान मुलं आहेत का? उड्या मारतात."

"मुलं नाहीत. माझे वडील बसले होते. तुम्ही त्यांना पाहिलंय."

"तो फिर बैठने का तरीका. धाडकन बसले असतील. बघतो, कारीगर आला की पाठवतो."

कारीगर लग्नाला गेला होता. मग आजारी पडला. मग दुकानातून फोन उचलणं बंद झालं. इकडे बाबा पलंगावरून उठेनात. डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं, पण ते पलंगाच्या काठावर बसले तरी दोन्ही हातांनी गादी घट्ट धरून ठेवत. जेवणही आडवं पडूनच. त्यांना भीती बसली होती.

एका सकाळी आईने पातळ बदललं आणि म्हणाली, "चल, मी येते."

आई कोणाशी भांडल्याचं मला आठवत नाही. भाजीवाल्याशीही ती घासाघीस करत नाही. वाटेत मी तिला काय काय बोलायचं ते सांगत होते, ती ऐकत नव्हती. दुकानात शिरून ती सरळ खिडकीजवळच्या त्या तपकिरी सोफ्यावर जाऊन बसली. दुकानात लग्नाच्या खरेदीची गर्दी होती. जवळच्या गावातलं एक केळीवालं शेतकरी जोडपं मुलीच्या लग्नासाठी सोफा बघत होतं. दुकानदार त्यांच्याशी बोलता बोलता आमच्याकडे आला.

"माताजी, मॅडमला सांगितलंय मी. कारीगर येईल."

"येऊ दे," आई म्हणाली. "मी बसते तोवर."

"इथे कुठे बसता? गिऱ्हाईक आहे."

"मीही गिऱ्हाईकच आहे."

तो हसला, पण त्याचे कान लाल झाले होते. आई तशीच बसून राहिली. थोड्या वेळाने ती उठली आणि मला म्हणाली, "याचा तो कोपरा उचल जरा."

मी उचलला. माझ्या हातात कोपरा जेमतेम वीतभर वर आला तोच दुसऱ्या टोकाचा पायही उठला. सगळा सोफा एकसंध, जड.

"आमच्या घरच्या सोफ्याचा दुसरा पाय नाही उठत," आई म्हणाली. आवाज नेहमीचाच होता, पण दुकान लहान होतं.

शेतकऱ्याने आमच्याकडे बघितलं. मग तो आपण पसंत केलेल्या सोफ्याकडे वळला, वाकला आणि त्याने कोपरा उचलला. दुसरा पाय जमिनीला चिकटून राहिला. त्याने खाली ठेवला, पुन्हा उचलला. त्याची बायको ओणवी होऊन खाली बघत होती.

"ये क्या है, सेठ?" शेतकऱ्याने विचारलं.

दुकानदार त्यांना समजावायला लागला, नवीन डिझाइन, हलकं असतं, वगैरे. पण बाई आपली पिशवी उचलून दारापर्यंत पोचली होती. ते गेल्यावर तो आमच्यासमोर येऊन उभा राहिला. मला वाटलं, आता हा ओरडेल. मी आईच्या पुढे झाले.

"आज तुम्ही माझा धंदा मोडला, माताजी," तो दबक्या आवाजात म्हणाला.

"माझा माणूस मोडता मोडता राहिला," आई म्हणाली. "मला नवा नको, दुरुस्त करूनही नको. ते ज्यावर बसले होते, तो हा द्या."

"शोरूमचा पीस नाही देत."

आई परत बसली.

दारात आणखी एक कुटुंब येऊन उभं राहिलं. त्याने त्यांच्याकडे बघितलं, आईकडे बघितलं, आणि आत वळून कोणाला तरी टेम्पो आणायला सांगितलं.

सोफा घरी आला, मोडका परत गेला. पण बाबा त्याच्यावर बसेनात. रंग तोच ना. वॉकर घेऊन ते त्याच्यापर्यंत येत आणि उभेच राहत, घाम येईस्तोवर. आम्ही आग्रह सोडून दिला. आईच रोज दुपारी तिथे बसून भाजी निवडायची, एकटी.

दुकानदाराचा मधूनमधून फोन येई. "अंकल कसे आहेत? काही प्रॉब्लेम नाही ना?" त्याला खरंच काळजी होती की आई पुन्हा येऊन बसेल याची भीती, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. मी "ठीक" म्हणून फोन ठेवत असे.

मग एका संध्याकाळी आई मेथी निवडत असताना बाबा आले आणि म्हणाले, "सरक थोडी." आई सरकली. त्यांनी वॉकर सोडला, हात मागे नेले, चाचपडत कड धरली आणि इंचाइंचाने खाली आले. टेकले. डोळे मिटलेले होते. आईने त्यांच्याकडे न बघता मेथीची अर्धी जुडी त्यांच्या मांडीवर ठेवली. जरा वेळाने ते पानं खुडायला लागले.