आमच्या घरची संथ लबाडी

संथ सायकल स्पर्धेत मी पहिला आलो, तेव्हा मला झोप लागलेली होती.

ही फुशारकी नाही आणि विनयही नाही. वाटूरच्या विहारासमोर अख्ख्या गावाने पाहिलेली गोष्ट आहे. ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. फक्कीने आखलेल्या पट्ट्यातून सायकल न्यायची, पण जितकी हळू नेता येईल तितकी हळू. सर्वांत शेवटी पोचेल तो पहिला. मध्येच पाय टेकला की बाद, चाक रेघेबाहेर गेलं की बाद. माझ्यासाठीच कोणी शोधून काढला असावा असा खेळ! (आमच्या मुख्याध्यापकांचं माझ्या एकूण कामाबद्दल हेच मत आहे, पण ते बक्षीस देत नाहीत.)

मी जालन्यात एका शाळेत भूगोल शिकवतो आणि मला एक खोड आहे. डोळे उघडे असतात, चेहरा सगळं ऐकत असतो, आणि आत मी नसतो. वर्गात नदी शिकवताना तिच्या काठाकाठाने निघून जातो, घंटा झाली की परत येतो. एकदा मंठ्याला लग्नाला निघालो आणि अंबडला उतरलो. तिथेही एक लग्न होतं, म्हणून जेवून आलो. माझी बायको सुषमा याला आजार म्हणते. मी त्याला चिंतन म्हणतो.

वाटूर ही माझी सासुरवाडी. माझे सासरे, म्हणजे मामा, सत्तरी ओलांडलेले. त्यांची सायकल सुषमापेक्षा वयाने मोठी आहे आणि घरात मान तिलाच जास्त आहे. शेतात सायकलवर, फाट्यावर चहाला सायकलवर, शेजारच्या घरी साखर मागायलाही सायकलवर. वैशाखी पौर्णिमेला विहारासमोर पोरं स्पर्धा भरवतात, त्यात संथ सायकलचा मान वर्षानुवर्षं मामांचा. मागच्या साली मात्र त्यांचा पाय टेकला. ते त्यांनी वर्षभर मनात ठेवलं आणि यंदा पौर्णिमेच्या सकाळी, चहाचा कप खाली ठेवून, जाहीर केलं:

"औंदा हरलो तर सायकल भंगारात! मंग राजूच्या स्कुटीवर मागं बसून जाईन शेतात. मांडीवर पिशवी घिऊन!"

राजू माझा मेव्हणा. फाट्यावर त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. मामी, म्हणजे सासूबाई, चुलीकडे बघत राहिल्या. सुषमाचे डोळे भरून आले. मलाही फार वाईट वाटलं. मामा सायकलवर असले की म्हातारे दिसत नाहीत. खाली उतरले की दिसतात. घरातल्या प्रत्येकाला हे माहीत होतं आणि प्रत्येकाने त्याच क्षणी मनाशी काहीतरी ठरवलं. घोटाळा इतकाच झाला, की कोणी कोणाला सांगितलं नाही.

माझा बेत साधा होता. मामांनी हौसेने माझंही नाव स्पर्धेत दिलं होतं आणि माझ्यासाठी शेजारची सायकलही मागून आणली होती ("जावयाला हरवायची मजाच येगळी हाय!"). पट्ट्याच्या मध्यावर एक कडुलिंबाचं झाड आहे. तिथे पोचलो की गपचूप पाय टेकायचा आणि बाद व्हायचं. बस्स.

दुपारी जेवायला आमरस होता. मामींनी वाटीमागून वाटी ओतली.

"घ्या जावईबापू, अजून एक."

"मामी, पाच वाजता शर्यत आहे हो."

"म्हणून तर म्हणून राह्यले, घ्या!"

मी याला माया समजलो. चार वाट्या आमरस झाला, आणि वर विहारातून आलेली खीर. उठताना मला भिंतीचा आधार घ्यावा लागला.

पाच वाजता आम्ही सहा जण रेघेवर उभे राहिलो. मामा, मी आणि गावातली चार तरणी पोरं. पंच होते निवृत्त गुरुजी. त्यांच्या गळ्यात शिट्टी आणि हातात छत्री होती. पलीकडच्या टोकाला टेबलापाशी बक्षिसाचा कूलर चालू करून ठेवलेला, तो चालतो हे गावाला दिसावं म्हणून. शिट्टी वाजली.

मी लिंबाकडे नजर लावली आणि तिथेच घात झाला. वैशाखातलं पाच वाजताचं ऊन विहाराच्या भिंतीवर पिवळं होऊन टेकलेलं होतं. लिंबाची सावली फक्कीच्या रेघांवरून हळूहळू सरकत होती, मागेपुढे, मागेपुढे. एखाद्या उथळ पाण्यावर सरकावी तशी. पाण्यावरून मला लहानपणची दुधना नदी आठवली. मी नऊ वर्षांचा होतो आणि वडिलांच्या सायकलच्या दांड्याखालून पाय घालून अर्धी कैची मारत वाळूतून चाललो होतो. वाळू संपली, पाणी सुरू झालं, तरी सायकल चाललीच होती. पाण्यावरून! चाकं भिजत नव्हती. काठावर आई बाजेवर कुरडया वाळत घालत होती. तिने मान वर करून पाहिलं आणि म्हणाली, "सावकाश ये रे. घाई न्हाई." किती वर्षांत मला असं कोणी म्हटलं नव्हतं. मी सावकाश निघालो. समोरून गार वारा आला, थोडा ओलसर, वाळ्याच्या वासाचा. इतका गार वारा दुधनेवर कधीच नसतो, हे भूगोलाच्या शिक्षकाच्या तरी लक्षात यायला हवं होतं.

धडाम!

मी कूलरला धडकलो होतो. माझ्या डोक्यावर वाळ्याची ताटी होती, मांडीवर पाणी होतं, आणि माइकवरचा पोरगा ओरडत होता, "सर पयले! जालन्याचे सर पयले!"

मागे वळून पाहिलं तर पट्ट्यात कोणीच नव्हतं. मामा सुरुवातीच्या रेघेपासून दोन हातांवर सायकलसकट आडवे झालेले. चारी पोरं लिंबाखाली रांगेने पाय टेकून उभी. कोणाच्याही चेहऱ्यावर हरल्याचं दुःख नव्हतं. गुरुजींनी छत्री मिटली.

"चौघं बी एकाच झाडाखाली कशी काय बाद झाली? लिंबाला काय चुंबक हाय का?"

विहाराच्या ओट्यावर चौकशी बसली. पहिला पोरगा लगेच फुटला.

"राजूदादानं स्क्रीन गार्ड कबूल केल्तं, गुरुजी. लिंबापशी पाय टेकायचा म्हून."

"चौघांना?"

"मला कव्हर बी."

राजूने मान खाली घातली. मग गुरुजी मामांच्या सायकलकडे वळले. मागच्या ब्रेकला जुन्या ट्यूबची पट्टी करकचून बांधलेली. सुषमा पुढे झाली.

"मी बांधली. बाबांची सायकल हळू जावी म्हणून. थोडीशीच आवळली होती."

गुरुजींनी टायर दाबून पाहिलं. ते पोळीसारखं चपटं झालं. मामा दुसरीकडे बघत म्हणाले, "हवा मी काढल्ती. थोडीशीच."

बापाचं थोडंसं आणि लेकीचं थोडंसं मिळून सायकलचा खांब झाला होता! खांबावर बसून कोण किती वेळ तोल सांभाळणार?

"आणि ह्यो काय प्रकार हाय?" गुरुजींनी माझ्या सायकलच्या चेनला बोट लावलं. बोटावरून तेल ओघळलं.

"यांची सायकल पळावी म्हणून मीच ओतलं," सुषमा म्हणाली.

"म्हणजे तू मला हरवणार होतीस?"

"तुम्ही तसेही हरणारच होतात. मी फक्त खात्री केली."

आता प्रश्न असा पडला, की यातली सगळ्यांत मोठी लबाडी कोणती? त्यावरून आमच्या घरात जुंपली.

"मी कोणाच्या सायकलला हात लावला न्हाई," राजू म्हणाला. "ताईनं तर मशीनच बदललं!"

"मी निदान माणसं नाही फोडली!"

"माझी सायकल, माझी हवा," मामा म्हणाले. "त्येच्यात लबाडी कसली?"

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण मी रोज मोबाइलवर परदेशातल्या सायकलच्या शर्यती बघतो, आणि ज्याला भूगोल येतो त्याला समजावून सांगितल्याशिवाय राहवत नाही. मी उभा राहिलो. पँट अजून निथळत होती.

"गुरुजी, याच्या पायऱ्या असतात. दुसऱ्याच्या गाडीला धरून चढ चढणं, ही किरकोळ लबाडी. प्रतिस्पर्धी फोडणं, ही त्याच्या वरची. सायकलच्या आत मोटार लपवणं, म्हणजे यंत्रात फेरफार, ही फारच मोठी. पण काही झालं तरी सगळ्यांत बदनाम लबाडी एकच. खेळाडूच्या पोटात काहीतरी घालणं! त्याने शरीरच बदलतं. तिकडे त्यासाठी जन्मभराची बंदी घालतात."

गुरुजींनी मान डोलावली. "मंग तुमच्या पोटात काय गेल्तं, सर? डोळे तर अजून बी तारवटलेलेच हायत."

"काही नाही हो, आमरस. मामींनी आग्रहाने चार वाट्या..."

बोलता बोलता मी थांबलो. ओट्यावर सगळे मामींकडे बघत होते. मामींनी पदर खोचला.

"हाव, म्या वाढला! ह्यांना गुंगी यावी अन् जल्दी पडावं म्हून वाढला! अन् वाढला तर काय झालं? लेक दिली, आमरस बी दिला, अन् हा मला जन्मभराची बंदी घालून राह्यलाय?"

मी सासूला भर विहारासमोर मादक द्रव्य पुरवणाऱ्यांच्या रांगेत सर्वांत वर बसवलं होतं. (पुढे दोन दिवस मला जेवायला फक्त भाकरी आणि ठेचा मिळाला. चौकशीत नाव येईल असं काही वाढायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं.)

तेवढ्यात मामा हळूच म्हणाले, "समद्यांचं कळलं. तुमचं काय, जावईबापू? तुम्ही बी काही केल्तं का?"

मामा ओट्याच्या कडेला बसले होते, कोपराला खरचटलेलं, आणि एक हात आडव्या पडलेल्या सायकलच्या सीटवर. खरं सांगावं तर दोन गोष्टी होत्या. मी मुद्दाम हरायला निघालो होतो, म्हणजे जावईसुद्धा त्यांना बिनकामाचा म्हातारा समजतो. आणि ते जमलं नाही कारण मला झोप लागली, म्हणजे ते एका झोपलेल्या माणसाकडून हरले. यातलं कोणतं खरं जास्त वाईट, ते मला ठरवता येईना. दोन्हींतलं कोणतंही बोललो असतो तर संध्याकाळपर्यंत ती सायकल भंगारवाल्याकडे गेली असती.

"मी काही नाही केलं, मामा," मी म्हणालो. "जीव तोडून चालवली. महिनाभर सराव केला होता."

सुषमाने माझ्याकडे पाहिलं. त्याआधी पंधरा वर्षांत मी सायकलला हात लावलेला नव्हता हे तिला माहीत होतं. त्या दिवशीच्या सगळ्या लबाड्यांत ही सर्वांत मोठी होती, आणि मला तिची अजूनही लाज वाटत नाही.

मामांनी बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघितलं. मग ते उठले, सायकल उभी केली आणि ब्रेकची पट्टी सोडली.

"महिनाभर! म्हून इतकी बराबर चालवली. डोळा हलला न्हाई, हँडल हललं न्हाई. मंग मला शिकवा. शिकल्याबिगर काही सायकल भंगारात घालत न्हाई मी."

सुषमाने सुटकेचा श्वास सोडला, राजूने टाळी वाजवली, आणि मी फसलो.

तेव्हापासून दर रविवारी मी पहिल्या गाडीने वाटूरला जातो. विहारासमोर फक्कीची रेघ मारलेली असते. मामा हवा भरलेली सायकल घेऊन उभे असतात आणि निम्मं गाव दात घासत बघायला आलेलं असतं. मी गंभीर चेहऱ्याने सायकलवर बसतो, "नजर लांब ठेवायची, मामा" असं सांगतो, आणि तीन हातांवर पडतो. मग मामा बसतात आणि लिंबापर्यंत अलगद जाऊन येतात. दोन्ही गुडघ्यांना पट्ट्या माझ्याच आहेत.

गेल्या रविवारी मी सलग सहाव्यांदा पडलो. मामांनी मला हात देऊन उठवलं, पँटवरची फक्की झटकली, आजूबाजूला कोणी ऐकत नाही ना ते पाहिलं आणि कानाशी येऊन म्हणाले, "खरं सांगू का, जावईबापू? तुम्ही जागेपणी लई वाईट चालवता."